कायदा, राष्ट्राध्यक्ष आणि कॅलेंडर

२०२४ च्या जुलै महिन्यातली गोष्ट. माझ्या थोरल्या वहिनी न्यू जर्सीत त्यांच्या मुलाकडे राहतात. कऱ्हाडच्या शाळेत तीस वर्षे मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या. ग्रीन कार्डाला पाच वर्षे झाल्यावर त्यांनी नागरिकत्वासाठी अर्ज केला आणि परीक्षेच्या शंभर प्रश्नांची पुस्तिका घेऊन अभ्यासाला बसल्या. दर शनिवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. मी प्रश्न विचारायचा आणि त्यांनी उत्तर द्यायचे, असा आमचा परिपाठ.

बाराव्या प्रश्नाशी गाडी अडली. प्रश्न असा: कायद्याचे राज्य म्हणजे काय? पुस्तिकेत चार उत्तरे दिली होती आणि त्यांतले कोणतेही एक चालत होते. प्रत्येकाने कायदा पाळला पाहिजे. नेत्यांनी कायदा पाळला पाहिजे. सरकारने कायदा पाळला पाहिजे. आणि चौथे, कायद्याच्या वर कोणी नाही.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे चौथं सगळ्यांत छान, पाठही झालंय. पण परवा टीव्हीवर सांगत होते, सुप्रीम कोर्टानं राष्ट्राध्यक्षांना खटल्यापासून अभय दिलं म्हणून. मग हे उत्तर देऊ की नको? त्या साहेबानं उलट प्रश्न विचारला तर?"

मी हसून वेळ मारून नेली, पण फोन ठेवल्यावर लक्षात आले की माझ्याकडे धड उत्तर नव्हते. मी व्यवसायाने इंजिनिअर. वकिलीशी माझा संबंध घराचे खरेदीखत करण्यापुरता. तरीही पुढचे काही महिने निकालपत्रे मिळवून वाचली, त्यातून जे समजले ते या लेखात मांडतो आहे. आपल्या मंडळात दोन्ही पक्षांचे सभासद आहेत आणि गणपतीच्या जेवणानंतर या विषयावर चढलेले आवाजही मी ऐकले आहेत. कोणाला मत द्यावे हे सांगणे हा माझा हेतू नाही. निकाल काय लागला याइतकेच तो कधी लागला हेही महत्त्वाचे असते, एवढा एकच मुद्दा मला सांगायचा आहे.

१९७४ चा उन्हाळा

मी इलिनॉयमध्ये शिकायला आलो तो १९७३ च्या ऑगस्टमध्ये. अमेरिकेतले माझे पहिले वर्ष म्हणजे वॉटरगेटचे वर्ष. वसतिगृहाच्या दिवाणखान्यात एकच टीव्ही होता आणि संध्याकाळी तिथे बसायला जागा मिळत नसे.

राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सहकाऱ्यांवर खटला भरला गेला होता. त्यासाठी निक्सन यांच्या कार्यालयात ध्वनिमुद्रित झालेली ६४ संभाषणे पुरावा म्हणून हवीत, असा हुकूम विशेष सरकारी वकील लिऑन जवॉर्स्की यांनी एप्रिल १९७४ मध्ये कोर्टाकडून मिळवला. निक्सन यांनी हरकत घेतली. न्यायाधीश जॉन सिरिका यांनी २० मे रोजी ती फेटाळली. एरवी प्रकरण आधी अपील कोर्टात गेले असते. पण जवॉर्स्की यांनी मधली पायरी गाळून थेट सुप्रीम कोर्टाला विनंती केली आणि कोर्टाने ३१ मे रोजी ती मान्य केली. ८ जुलैला युक्तिवाद झाला आणि २४ जुलैला निकाल आला. आठ विरुद्ध शून्य. निकालपत्र लिहिले होते सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी, ज्यांना खुद्द निक्सन यांनीच नेमले होते. नववे न्यायमूर्ती रेनक्विस्ट पूर्वी निक्सन यांच्या न्याय खात्यात असल्याने बाजूला राहिले.

राष्ट्राध्यक्षांना आपली चर्चा गुप्त ठेवण्याचा हक्क आहे, असे कोर्टाने मान्य केले. मात्र फौजदारी खटल्यात नेमक्या पुराव्याची गरज असेल तर हा सर्वसाधारण हक्क मागे सरतो, असेही सांगितले. ८ ऑगस्टच्या रात्री निक्सन टीव्हीवर आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पद सोडले.

खालच्या कोर्टाच्या हुकमापासून अंतिम निकालापर्यंत ६५ दिवस लागले. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

त्यानंतर ८ सप्टेंबरला नवे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी निक्सन यांना माफी दिली. त्यामुळे माजी राष्ट्राध्यक्षावर पदावर असताना केलेल्या कृत्यांसाठी फौजदारी खटला चालू शकतो का, हा प्रश्न कोणत्याही कोर्टापुढे आलाच नाही. माफीची गरज वाटली याचा अर्थ खटला शक्य आहे असे दोघांनीही धरले होते, असा तर्क पुढे अनेकांनी केला. तरी तर्क तो तर्कच. प्रश्न जवळजवळ पन्नास वर्षे फाइलीत पडून राहिला.

अभय कशापासून?

आपल्या गप्पांमध्ये 'इम्युनिटी' हा एकच शब्द चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि मग वाद भरकटतो. त्या गोष्टी वेगळ्या केल्या तर बरेच धुके निवळते.

पहिली गोष्ट पुरावा देण्याची. तिचे उत्तर १९७४ मध्ये मिळाले. २०२० च्या जुलैमध्ये ट्रम्प विरुद्ध व्हान्स या खटल्यात कोर्टाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, राज्याच्या ग्रँड ज्युरीने मागितलेली कागदपत्रेसुद्धा केवळ राष्ट्राध्यक्षपदाच्या जोरावर रोखता येणार नाहीत.

दुसरी गोष्ट सरकारी कामाबद्दलच्या नुकसानभरपाईची. अर्नेस्ट फिट्झजेरल्ड नावाचे हवाई दलाचे खर्च-विश्लेषक होते. सी-५ए या मालवाहू विमानाचा खर्च किती वाढला आहे हे त्यांनी १९६८ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे स्पष्ट सांगितले आणि १९७० मध्ये त्यांची नोकरी गेली. त्यांनी निक्सन यांच्यावर दावा लावला. १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, पदाच्या कक्षेतल्या कामासाठी राष्ट्राध्यक्षाकडून भरपाई मागता येणार नाही. पद सोडल्यावरही नाही.

तिसरी गोष्ट खासगी वागणुकीबद्दलच्या दिवाणी दाव्याची. पॉला जोन्स यांनी क्लिंटन यांच्यावर १९९४ मध्ये लावलेला दावा पदग्रहणापूर्वीच्या प्रसंगाबद्दल होता. खालच्या न्यायाधीशांनी दावा फेटाळला नाही. फक्त सुनावणी क्लिंटन यांची मुदत संपेपर्यंत पुढे ढकलली. १९९७ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितले की, हे ढकलणेच चूक आहे. साक्षीदारांच्या आठवणी पुसट होतात, पुरावा हरवतो, पक्षकार मरूही शकतो. दावा लावणाऱ्या व्यक्तीवर हा अन्याय आहे. म्हणजे विलंब ही निरुपद्रवी गोष्ट नाही, त्यानेही नुकसान होते, हे कोर्टाने त्या वेळी स्वच्छ शब्दांत नोंदवले होते.

चौथी गोष्ट फौजदारी खटल्याची. पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षावर खटला भरायचा नाही, हे न्याय खात्याने १९७३ मध्ये आणि पुन्हा २००० मध्ये स्वतःच्या अंतर्गत टिपणांत ठरवून घेतले होते. तो कोर्टाचा निकाल नव्हे, खात्याचे धोरण आहे. पण सरकारी वकील खात्याचेच नोकर, त्यामुळे व्यवहारात ते कायद्यासारखेच चालते. माजी राष्ट्राध्यक्षाबद्दल मात्र पाटी कोरी होती.

घड्याळ थांबते कसे?

६ जानेवारी २०२१ च्या घटना आणि त्याआधी निवडणुकीचा निकाल उलटवण्याचे प्रयत्न, यांबद्दल डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर वॉशिंग्टनच्या फेडरल कोर्टात १ ऑगस्ट २०२३ रोजी चार कलमांचे आरोपपत्र दाखल झाले. विशेष वकील जॅक स्मिथ यांची नेमणूकच नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली होती. म्हणजे उशिराचे सगळे माप कोर्टाच्या पदरात टाकणे बरोबर नाही. अडीच वर्षे त्याआधीच गेली होती. न्यायाधीश टान्या चटकन यांनी खटल्यासाठी ४ मार्च २०२४ ही तारीख ठरवली.

ऑक्टोबरमध्ये ट्रम्प यांच्या वकिलांनी अभयाचा मुद्दा काढला. १ डिसेंबरला चटकन यांनी तो फेटाळला, अपील दाखल झाले आणि खटल्याचे काम थांबले.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यावी लागते आणि सारे मर्म तिच्यातच आहे. साधारणपणे अपील खटला संपल्यावर होते. आरोपीला मधल्या एखाद्या हुकमाविरुद्ध वर जाता येत नाही, नाहीतर एकही खटला पुरा झाला नसता. पण अभय हे शिक्षेपासूनचे नसून खटल्यापासूनचेच संरक्षण मानले जाते. सहा आठवडे माणसाला आरोपीच्या खुर्चीत बसवायचे आणि वर्षभराने "तुमच्यावर खटला चालवायलाच नको होता" असे सांगायचे, यात संरक्षण कुठे उरले? म्हणून हा प्रश्न आधी निकालात काढावा लागतो आणि तो वरच्या कोर्टात असेपर्यंत खालच्या कोर्टाला पुढे जाता येत नाही. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला भरल्याची तक्रार असेल तरी हाच नियम लागतो. म्हणजे ही सवलत कोणा एकासाठी शोधून काढलेली नव्हती.

पण याचा परिणाम असा की, मुद्दा शेवटी टिको वा न टिको, तो मांडल्यामुळे लागणारा वेळ आरोपीला मिळतोच. एरवी त्या वेळाला फारशी किंमत नसते. आरोपी सहा महिन्यांनी पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसतो. इथे मात्र आरोपी निवडणुकीला उभा होता आणि ती जिंकल्यास खटला थांबणार हे उघड होते.

फेडरल कायद्याप्रमाणे खटला साधारण सत्तर दिवसांत सुरू व्हायला हवा. १९७४ सालच्याच कायद्याची ही तरतूद. पण मधल्या अपिलात गेलेले दिवस त्या सत्तरात धरत नाहीत. शिवाय राज्यघटनेने जलद खटल्याचा हक्क दिला आहे तो आरोपीला. लोकांचेही त्यात हित आहे असे तो कायदा म्हणतो, पण आरोपीलाच घाई नसेल तर लोकांच्या वतीने घड्याळाकडे पाहणारे फक्त सरकारी वकील आणि न्यायाधीशच उरतात.

स्मिथ यांनी जवॉर्स्कींचीच वाट धरली. ११ डिसेंबरला त्यांनी मधली पायरी गाळण्याची विनंती केली, पण सुप्रीम कोर्टाने २२ डिसेंबरला ती नाकारली. अपील कोर्टाने ९ जानेवारीला युक्तिवाद ऐकून ६ फेब्रुवारीला एकमताने अभय नाकारले. मग सुप्रीम कोर्टाने २८ फेब्रुवारीला प्रकरण हाती घेतले, २५ एप्रिलला युक्तिवाद ऐकला आणि १ जुलै २०२४ रोजी निकाल दिला. ४ मार्च ही तारीख केव्हाच उलटून गेली होती.

चटकन यांच्या हुकमापासून मोजले तर २१३ दिवस झाले. १९७४ चा आकडा होता ६५. दोन्ही प्रश्न सारखे नव्हते हे खरे. ध्वनिफिती मागणे वेगळे आणि माजी राष्ट्राध्यक्षाला आरोपी करणे वेगळे. दुसरा प्रश्न नवा आणि अवघड होता, त्याला जास्त वेळ लागावा हे समजण्यासारखे आहे. पण मनावर घेतले तर कोर्ट किती लवकर हलू शकते, हे मी त्या दिवाणखान्यात बसून पाहिलेले होते.

निकालात आहे काय?

सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिलेला हा निकाल सहा विरुद्ध तीन असा आहे. त्यात राष्ट्राध्यक्षाच्या कृत्यांचे तीन भाग केले आहेत. राज्यघटनेने फक्त त्यालाच दिलेले मूळ अधिकार, उदाहरणार्थ माफी देणे, यांबद्दल पूर्ण अभय. इतर सरकारी कामांबद्दल किमान 'गृहीत' अभय. म्हणजे खटल्यामुळे अध्यक्षांच्या अधिकारात ढवळाढवळ होण्याचा धोका नाही हे सरकारी वकिलांनी दाखवले तरच पुढे जाता येईल. आणि खासगी कृत्यांबद्दल अभय नाही.

वहिनींना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "मग सरकारी काम कोणतं आणि खासगी कोणतं, हे कोण ठरवणार?" नेमका हाच प्रश्न कोर्टाने पुन्हा खाली धाडला. न्याय खात्याच्या अधिकाऱ्यांशी झालेल्या चर्चेला पूर्ण अभय, उपाध्यक्षांवर आणलेल्या दबावाला गृहीत अभय, एवढे वरच ठरले. राज्यांच्या अधिकाऱ्यांशी झालेली बोलणी आणि ६ जानेवारीचे भाषण यांचा कीस खालच्या कोर्टाने काढायचा होता. शिवाय ज्या सरकारी कामाला अभय आहे, ते दुसऱ्या गुन्ह्याचा पुरावा म्हणूनही ज्युरीपुढे आणता येणार नाही, असे बहुमताने सांगितले. बहुमतातल्याच न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांना हा शेवटचा भाग पटला नाही.

बहुमताचा युक्तिवाद हलका नाही. उद्या प्रत्येक नवा अध्यक्ष मागच्यावर खटले भरू लागला तर पदावरचा माणूस कठोर निर्णय घ्यायला कचरेल, अशी भीती त्यामागे आहे. सत्ता बदलली की आधीच्यांच्या मागे चौकशी, हा प्रकार आपल्याला अपरिचित नाही. उलट न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी दोन सहकाऱ्यांसह लिहिलेल्या विरोधी मतात म्हटले आहे की, यामुळे राष्ट्राध्यक्ष कायद्याच्या वर जाऊन बसतो. ट्रम्प यांची प्रत्येक मागणी मान्य झाली असेही नाही. आधी महाभियोगात दोषी ठरल्याशिवाय खटला भरताच येत नाही, हा त्यांचा मुद्दा कोर्टाने फेटाळला.

प्रकरण ऑगस्टमध्ये चटकन यांच्याकडे परतले. त्याच महिन्याच्या अखेरीस स्मिथ यांनी आरोपपत्र छाटून नव्याने दाखल केले. ५ नोव्हेंबरला निवडणूक झाली, ट्रम्प जिंकले आणि २५ नोव्हेंबरला स्मिथ यांच्याच विनंतीवरून खटला काढून टाकण्यात आला. सरकारी आणि खासगी यांची वाटणी झालीच नाही. एकाही ज्युरीने पुरावा ऐकला नाही. ट्रम्प दोषी होते असे ज्यांना वाटते त्यांना उत्तर मिळाले नाही आणि निर्दोष होते असे ज्यांना वाटते त्यांनाही नाही. माझ्या मते खरे नुकसान हेच.

बाकीच्या तीन खटल्यांपैकी फ्लोरिडातला जुलै २०२४ मध्ये स्मिथ यांची नेमणूकच अवैध ठरवून फेटाळला गेला. जॉर्जियातला सरकारी वकील बदलण्याच्या वादात अडकून नोव्हेंबर २०२५ मध्ये संपला. न्यूयॉर्कमधला एकटाच ज्युरीपर्यंत पोचला. मे २०२४ मध्ये ३४ कलमांखाली दोषी ठरल्यावर शिक्षेची तारीख जुलैवरून सप्टेंबर, तिथून नोव्हेंबर अशी सरकत गेली. शेवटी १० जानेवारी २०२५ रोजी, शपथविधीच्या दहा दिवस आधी, ना तुरुंग ना दंड, असा विनाअट सुटकेचा हुकूम झाला.

आपल्याकडचा अनुभव

भारतात याचे उत्तर घटनेतच आहे. कलम ३६१ प्रमाणे राष्ट्रपती आणि राज्यपाल यांच्यावर पदावर असेपर्यंत फौजदारी कारवाई करता येत नाही. ज्यांच्या हाती खरी सत्ता, त्या पंतप्रधानांना आणि मुख्यमंत्र्यांना हे संरक्षण नाही. आणीबाणीत, १९७५ च्या ऑगस्टमध्ये, राज्यसभेने पंतप्रधानांनाही यात घेणारे आणि अभय जन्मभराचे करणारे घटनादुरुस्ती विधेयक मंजूर केले होते. सुदैवाने त्याचा कायदा झाला नाही.

पण अभय नसले तरी कॅलेंडर असतेच. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्याची वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना सिमेंट प्रकरण आठवेल. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांच्या निकालानंतर मुख्यमंत्री अंतुले यांनी राजीनामा दिला. त्यांच्यावरचे आरोप खरे की खोटे हा इथला मुद्दा नाही. खटल्याला आधी परवानगी लागते का, यावर दोन वर्षे गेली. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पद सोडल्यावर परवानगी लागत नाही असे सांगितले आणि काम लवकर व्हावे म्हणून खटला विशेष न्यायाधीशाकडून थेट हायकोर्टाकडे दिला. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ठरवले की, असे हलवणेच कायद्याला सोडून होते. खटला पुन्हा विशेष न्यायाधीशाकडे! घाईसाठी उचललेले पाऊलच चार वर्षे खाऊन गेले. जलद खटल्याच्या हक्काबद्दल भारतातला जो प्रमुख निकाल मानतात, तो १९९१ च्या डिसेंबरचा निकाल याच प्रकरणातला, अंतुले यांच्याच नावाचा आहे. त्यात सुप्रीम कोर्टाने हेही नोंदवले आहे की, खटला लांबण्यात पुष्कळदा आरोपीचाच फायदा असतो.

तेव्हा 'आमच्याकडे तारखांवर तारखा, इथे कसे सगळे वेळच्या वेळी' हे वाक्य मी आता वापरत नाही. दोन्हीकडे नियम चांगल्या हेतूने केलेले आहेत आणि दोन्हीकडे मोठ्या माणसाला ते वापरून वेळ मिळवता येतो. लहान माणसाकडे त्यासाठी लागणारे वकील नसतात, एवढेच.

वहिनींचे उत्तर

सप्टेंबरात वहिनींची मुलाखत झाली. आदल्या रात्री त्यांचा फोन आला. "बाराव्या प्रश्नाचं माझं ठरलं, भाऊजी. चौथं उत्तर द्यायचं नाही. 'वर कोणी नाही' हा झाला स्वार्थ, म्हणजे नुसतं विधान. ते खरं आहे की नाही हे सिद्ध करत बसावं लागेल. पहिली तिन्ही विध्यर्थी आहेत, 'पाळला पाहिजे'. ते कर्तव्य आहे. कोणी पाळलं नाही तरी ते चुकत नाही." व्याकरणाच्या बाईंपुढे मी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी पहिली सहाही उत्तरे बरोबर आली आणि परीक्षा तिथेच संपली. बारावा प्रश्न विचारलाच नाही. वहिनी थोड्या हिरमुसल्या. म्हणाल्या, "एवढी तयारी केली होती, आणि वेळेवर कोणी विचारलंच नाही बघा."